तबकात उरलेला पेला

शिरवण्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक रेन ट्री आहे. मार्च संपत आला की त्याच्या काळ्या शेंगा रस्त्यावर पडतात, रिक्षांखाली चिरडतात, आणि त्यांचा गुळासारखा गर चपलांना चिकटतो. चालताना प्रत्येक पावलाला चट् असा आवाज येतो. गेल्या आठवड्यात हॉल तिकीट आणायला निघालो आणि तो आवाज पुन्हा ऐकला. परीक्षा आली हे मला वेळापत्रकाच्या आधी माझ्या चपलांनी सांगितलं.

आमच्याकडे हाच काळ उपवासाचाही असतो. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोणी लग्न काढत नाही, बरेच जण मटण-मासे सोडतात, शुक्रवारी एकदाच जेवतात. त्यामुळे पुस्तकं आणि पश्चात्ताप दरवर्षी एकदमच येतात. लहानपणी मला वाटायचं, या दोन्हींच्या तारखा एकाच ऑफिसातून निघत असणार.

या वर्षी मी पहिल्या वर्षाचं गणित पुन्हा देतोय. कितव्यांदा ते आता विचारलं तर सांगतो. आधी सांगत नव्हतो. गेल्या वर्षीचा हा काळ आठवला की जे आठवतं ते सगळं त्या न सांगण्याभोवतीच आहे.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. पप्पा नगरकडच्या एका खेड्यातून इकडे आले, एमआयडीसीतल्या एका कंपनीत हेल्पर आहेत. चौथी शिकलेत. मराठी सावकाश वाचतात, इंग्रजी अजिबात नाही. उपासनेतली गाणी मात्र सगळी पाठ. मम्मी एका पाळणाघरात काम करते. मी मराठी माध्यमातून बारावी झालो आणि बी.एस्सी.ला गेलो. तिथे सर फळ्यावर लिहायचे आणि इंग्रजीत बोलायचे, आणि मला वाक्य कळेपर्यंत फळा पुसलेला असायचा. पहिल्या वर्षाच्या शेवटी माझे दोन विषय राहिले, गणित आणि भौतिकशास्त्र. आमच्याकडे अशा वेळी केटी लागते. म्हणजे विषय नापास, पण पुढच्या वर्षात बसू देतात. राहिलेले विषय मागून सोडवायचे.

निकालाच्या दिवशी पप्पा पहिल्या शिफ्टवरून आले आणि हातपाय न धुताच दारात उभे राहिले.

“काय झालं रं? दुसऱ्या वर्षाला मिळालं ना?”

“मिळालं.”

बस, एवढंच बोललो. वाक्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मोबाईलवर निकाल उघडा होता. पप्पांनी तो हातात घेतला, लांब धरून बघितला, आणि फोटोला करतात तसा अंगठा त्यावरून फिरवला. मग मम्मीला हाक मारली. त्यांचा आवाज फाटला होता.

पुढचं फार पटकन झालं. आमची मंडळी सानपाड्याला एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. स्वतःची इमारत नाही. रविवारी सकाळी आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतो, कपाटातून लाकडी क्रूस काढून फळ्याच्या समोर ठेवतो. फळा पुसायला कोणाच्या लक्षात राहत नाही. कित्येकदा क्रूसाच्या मागे शनिवारच्या वर्गाची गणितं तशीच असतात. उपासनेच्या मध्ये साक्ष देण्याची वेळ असते. ज्यांच्या घरी देवानं काही चांगलं केलं ते उभे राहून सांगतात, बाकीचे आमेन म्हणतात. त्या रविवारी आधी पप्पा उभे राहिले. “माझ्या लेकराला देवानं पास केलं,” एवढं बोलून ते रडायलाच लागले. मग उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “देवानं मला दुसऱ्या वर्षात नेलं.”

आमेन. टाळ्या. मागे क्रूसाच्या दोन्ही बाजूंना कोणत्यातरी इयत्तेचे अपूर्णांक.

त्यानंतर मी मंडळीत ‘आशिषदादा’ झालो. बायका मुलांना घेऊन येऊन म्हणायच्या, “दादाकडे बघ जरा, दादाकडे.” मुलांना बायबल शिकवायला मला संडे स्कूलचा वर्ग दिला. आमच्या घरमालकीणबाई, खाली राहणाऱ्या शिरवण्यातल्या जुन्या घरातल्या आजी, त्यांच्याही कानावर गेलं. दारातून जाताना विचारायच्या, “काय रे मास्तर, झाला का सायेब?” मला हसू यायचं, आणि हसता हसता मी झपाट्यानं जिना चढायचो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा, आणि अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यात द्राक्षरस. आमच्याकडे काळ्या मनुका उकळून तो घरीच करतात. त्याआधी पाळकसाहेब सांगतात की प्रत्येकानं आपलं मन तपासावं, मन साफ नसेल तर घाई करू नये. मी ही वाक्यं लहानपणापासून ऐकत आलोय. पण जुलैच्या पहिल्या रविवारी ती माझ्या एकट्याशी बोलली. सगळे रांगेनं पुढे गेले तेव्हा मी बुटाची लेस बांधत बसलो. ऑगस्टमध्ये संडे स्कूलच्या मुलांना पाणी पाजायला बाहेर नेलं. मग दर महिन्याला काहीतरी निघायचंच. खोटं बोलायला अक्कल लागते हे मला तेव्हा कळलं, आणि ती माझ्याकडे गणितापेक्षा बरीच जास्त होती.

ऑक्टोबरमध्ये केटीचे पेपर दिले. निकाल फेब्रुवारीच्या शेवटी आला. भौतिकशास्त्र सुटलं, गणित राहिलं. आता एप्रिलची एकच संधी उरली होती. पहिल्या वर्षाचा एकही विषय बाकी असेल तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. म्हणजे एप्रिलमध्ये गणित गेलं तर कॉलेज थांबणार. आणि कॉलेज थांबलं की घरी बसलेला मी कोणापासून लपणार?

त्याच आठवड्यात पेनांची प्रार्थना आली. दहावी-बारावीच्या परीक्षेआधी आमच्याकडे मुलांची पेनं आणि हॉल तिकिटं एका तबकात गोळा करतात, आणि कोणीतरी ते तबक हातात धरून प्रार्थना करतं. पाळकसाहेब म्हणाले, “या वेळी आपला आशिष करेल.” तबक जड नव्हतं. निळी पेनं, एक-दोन जेल पेनं, कोणीतरी आठवणीनं कंपासपेटीसुद्धा ठेवलेली. मी डोळे मिटून काय बोललो ते आठवत नाही. इतकंच आठवतं की माझं स्वतःचं पेन माझ्या खिशात होतं, आणि ते बरगडीला टोचत होतं.

मग मी देवाशी बोलणी सुरू केली. दुसरं काय म्हणणार? चाळीस दिवस चहा सोडला. वडापाव सोडला. शुक्रवारी एकदा जेवायचं, तर मी पाणीही संध्याकाळपर्यंत घेत नसे. रोज पहाटे गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून गुडघे टेकायचो. सिमेंटचे खडे गुडघ्यात रुतायचे आणि मला बरं वाटायचं, वाटायचं काहीतरी जमा होतंय. समोर एमआयडीसीच्या बाजूनं केमिकलचा कडवट वास यायचा, खाली मालकीणबाईंच्या चुलीवर भाकरी भाजली जात असायची. मी उतरताना त्या बघायच्या.

“आज पन उपाशी? तुमचा देव लय कडक हाय बाबा. आमचा बरा, जेवलाव का इचारतो.”

मी म्हणालो, “देव नाही कडक आजी. मीच.”

“मंग तू तरी जेव!” त्या म्हणाल्या, आणि भाकरी उलटली.

आता वाटतं, त्या संपूर्ण उपवासाच्या काळात माझ्याशी कोणी देवाची गोष्ट बोललं असेल तर त्याच. मी मात्र मनात रोज एकच वाक्य घोळवत होतो. मी इतकं सोडलं, आता तू एवढं कर. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, अर्थ दिसायचा नाही. पोटात भूक आणि डोक्यात भीती असली की गणित आणखीनच परकं होतं. हे मला कळत होतं, तरी मी जेवत नव्हतो. पास होण्यासाठी अभ्यास करायचा असतो, आणि मी अभ्यास सोडून उपास करत होतो. अशी चूक देवाधर्मातलाच माणूस करू शकतो.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या गुरुवारी संध्याकाळी पुन्हा प्रभुभोजन असतं. मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो होतो. लोक पुढे गेले, चटईवर गुडघे टेकले, उठले, परतले. मी खाली बघत होतो. उपासना संपल्यावर सुमनमावशींनी मला हाक मारली. या एका दवाखान्यात आया आहेत. मंडळीतले पेले भरायचं आणि धुवायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे आहे.

“बाळा, ही टोपली धर. माझी कंबर गेली आज.”

शाळेचे नळ लहान मुलांच्या उंचीचे. आम्ही दोघं वाकून बसलो. पेल्यांच्या तळाशी जांभळा थेंब सुकत आलेला, हाताला मनुकांचा गोड वास. मावशी एकेक पेला बोट घालून फिरवत होत्या. तबकात एक पेला काठोकाठ भरलेला होता.

“हा बघ. पुन्हा उरला.”

“कोणी आलं नसेल,” मी म्हणालो.

“न आलेल्यांचा मी भरतच नाय. दारात उभी राहून आलेली माणसं मोजते, मग भरते.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “जुलैपासनं उरतोय.”

नळ चालू होता. मला वाटलं, हा आवाज थांबू नये.

“मावशी, मग एक कमी भरायचा ना.”

“वा रे वा! कोनाचा पेला कमी करनारी मी कोन? भरायचं काम माझं. घ्यायचं त्याचं.” त्या उठल्या आणि तो पेला भिंतीजवळच्या चाफ्याच्या बुंध्यात ओतला. “ह्यो चाफा बघ कसा माजलाय. आठ-नऊ महिने फुकटचा पितोय.”

मला एकदम हसू आलं आणि त्याच्याबरोबर दुसरं काहीतरी वर आलं. “मावशी, मी ना—”

“मला नको सांगूस,” त्या घाईनं म्हणाल्या. “मी पेले धुनारी बाई. ज्याचं त्याला सांग.”

उत्तम शुक्रवारी आम्ही घरचे चालत जातो आणि चालत येतो, रिक्षा करत नाही. ही पप्पांच्या गावाकडची रीत. दुपारी बारा ते तीनची उपासना संपवून सानपाड्याहून शिरवण्याला यायचं, एप्रिलच्या उन्हात, उपाशी. मम्मी शेजारच्या बाईबरोबर पुढे चालत होती. पप्पांच्या पांढऱ्या शर्टाची पाठ पूर्ण ओली झाली होती. जुईनगरच्या पुलाखाली सावली आली तसे ते थांबले, रुमालानं मान पुसली. मी म्हणालो, “पप्पा, मला केटी आहे.”

“केटी म्हंजी?”

मी सांगितलं. पहिल्या वर्षाचं गणित राहिलंय. तेव्हाच राहिलं होतं. वरून गाड्या जात होत्या आणि पूल थरथरत होता, त्यामुळे मला प्रत्येक वाक्य दोनदा, मोठ्यानं सांगावं लागलं. जी गोष्ट मी दहा महिने कुजबुजूनही बोललो नव्हतो, ती मी रस्त्यावर ओरडून सांगत होतो.

“म्हंजी तवा तू पास नव्हता?”

“नाही.”

“मला मोबाईल दावला व्हता तू.”

“हो.”

“त्यात लिवलं व्हतं?”

“लिहिलं होतं, पप्पा.”

मी मार खायला तयार होतो. शिव्या खायला तर होतोच. त्यांनी रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“मला इंग्रजी वाचता येत आसतं,” ते म्हणाले, “तर तुला ह्ये करता आलं नसतं. नाय का?”

नापास होणं हे मी इतके महिने माझं पाप समजत होतो. ते पाप नव्हतंच. माझं पाप त्या रुमालाच्या घडीत होतं. ज्या माणसानं मला शिकायला पाठवलं, त्याच्या न शिकलेपणावर मी पाय देऊन उभा राहिलो होतो. ते त्यांनाही त्या क्षणी कळलं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं. मी माफ करा म्हणालो. वरून ट्रक गेला. त्यांना ऐकू गेलं की नाही ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

ते रुमाल खिशात टाकून पुढे चालू लागले. फक्त गल्लीच्या तोंडाशी, त्या चिकट शेंगांवरून चालताना म्हणाले, “बघून चाल.”

खरं बोललं की मन हलकं होतं असं म्हणतात. माझं झालं नाही. ईस्टरच्या रविवारी सगळे पांढऱ्या कपड्यांत आले, प्रभुभोजनाला उठले, आणि पप्पा उठले नाहीत. जन्मात पहिल्यांदा. मी त्यांच्याकडे बघितलं.

“म्या पन खोटी साक्ष दिली,” ते समोर बघत म्हणाले. “सगळ्यांम्होरं. नकळत का व्हईना.”

त्या दिवशी तबकात दोन पेले उरले. मला मावशींकडे बघायची हिंमत झाली नाही. माझी जागा तर मी सोडली होतीच, आता माझ्यामुळे पप्पांची जागाही रिकामी राहिली. त्यावर काय करायचं ते मला कोणत्याही प्रार्थनेत सापडत नव्हतं.

मग गणिताचा पेपर. खोटं का बोलायचं, मनात एक आशा होतीच. आता मी सगळं कबूल केलंय, आता तरी. पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला, पंख्याचा आवाज ऐकत बसलो. बाहेर सोनमोहराची पिवळी फुलं खिडकीच्या जाळीत अडकत होती. जून संपताना निकाल लागला. गणित गेलं. खरं बोलण्याचे ग्रेस मार्क मिळाले नाहीत.

पप्पा जमिनीवर बसले होते. म्हणाले, “आन तो मोबाईल. मला वाच. वरनं खाली, समदं.” मी एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं. विषय, गुण, विषय, गुण. गणिताच्या ओळीवर त्यांनी माझा हात थांबवला.

“ह्ये अक्षर कंचं?”

“एफ.”

“म्हंजी नापास?”

“हो.”

त्यांनी ते अक्षर बराच वेळ बघितलं. शेवटी म्हणाले, “बघून ठिवलं.”

त्यानंतरचा रविवार महिन्याचा पहिला होता. पाळकसाहेबांनी तीच वाक्यं म्हटली, मन तपासा, घाई करू नका. मी लेस बांधायला वाकणार एवढ्यात पप्पांनी माझं कोपर धरलं.

“चल.”

“पप्पा, मी नापास झालोय.”

“ठावं हाय. म्याच वाचलं की.”

आम्ही गेलो. मला वाटलं होतं रडू येईल, किंवा आत काहीतरी उजळेल. तसं काही झालं नाही. चटईची काडी गुडघ्याला टोचत होती. रस कोमट होता आणि मावशींनी नेहमीसारखी साखर जास्त घातली होती. शेजारी पप्पांनी गिळल्याचा आवाज आला. समोर फळ्यावर कोणाचंतरी अर्धवट गणित होतं. मागे वळलो तेव्हा मावशी दाराशी उभ्या होत्या, रिकामं तबक बघत. उपासनेनंतर त्या एवढंच म्हणाल्या, “चाफ्याचे आज हाल झाले.”

पडण्यातून माणूस देवाच्या जवळ जातो, असं पाळकसाहेब सांगतात. असेल. मला जवळ गेल्यासारखं वाटत नाही. मला इतकंच सांगता येतं की आधी मी देवापुढे जायचो तेव्हा हातात काहीतरी असायचं. सोडलेला चहा, दुखणारे गुडघे, पाठ केलेली वाक्यं. त्या दिवशी काहीच नव्हतं, एक एफ होता. आणि पेला तरीही भरलेला होता. तो जुलैपासून भरलेलाच होता.

हे वर्ष मी घरी आहे. सानपाड्याला झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. माझ्या वर्गातली मुलं तिसऱ्या वर्षाच्या नोट्स घेऊन येतात आणि मी त्यांची पानं सरळ करून काढून देतो. काही जण ओळख देतात. काही जण मोबाईलमध्ये बघतात, तेही बरंच. मंडळीत मी उभा राहून काही सांगितलेलं नाही. नापास झालेल्याची साक्ष कोणी मागत नाही, आणि मला ती न मागता द्यायचा धीर नाही. पण यंदा पेनांच्या प्रार्थनेला तबक फिरत आलं, तेव्हा मी खिशातलं पेन काढून त्यात ठेवलं. दहावीची एक मुलगी, माझ्या संडे स्कूलच्या वर्गातली, मोठ्यानं म्हणाली, “दादा, तुम्ही पण?”

“हो. गणित राहिलंय. पहिल्या वर्षाचं.”

दोन-तीन डोकी वळली. मम्मीनं ओढणी सारखी केली. कोणीतरी हसलं असावं. तबक पुढे गेलं.

उद्या पेपर आहे. सुटेल का माहीत नाही. या वेळी मी जेवून अभ्यास केलाय, चहाही पितोय, आणि देवाला काही कबूल केलेलं नाही. भीती मात्र तेवढीच आहे. आज सकाळी शिफ्टला निघण्याआधी पप्पांनी हॉल तिकीट मागितलं. खिडकीपाशी नेऊन विषयाच्या नावातलं एकेक अक्षर लावलं. एम. ए. टी. पुढचं मी सांगितलं. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला कंपनीतल्या तेलाचा वास होता.

दरवर्षी ते म्हणायचे, देवा, ह्याला पास कर. मी डोळे मिटून त्या वाक्याची वाट बघत होतो. ते आलं नाही.

“देवा,” शेवटी ते म्हणाले, “पेपर त्यालाच लिहू दे. तू नुसता बाजूला बस. आमेन.”

मी आमेन म्हणालो. ते जिना उतरून गेले, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांच्या चपलांचा चट् चट् आवाज येत राहिला.